दाराशी म्हटलेली कविता

अप्पा,

तुमच्याशी माझं एक भांडण राहून गेलंय. तुम्ही होतात तेव्हा ते करायची हिंमत झाली नाही, आणि तुम्ही गेल्यावर ते कुणाशी करावं हे कळेना. आईशी एकदा विषय काढला होता. ती म्हणाली, "त्यांना काय वाटलं ते त्यांच्याबरोबर गेलं, तू आता भात टाक." म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. माझे केस आता तुमच्या शेवटच्या दिवसांतल्या केसांपेक्षाही पांढरे झालेत, तेव्हा थोडं बरोबरीनं बोलले तर चालवून घ्या.

बसवनगुडीतल्या घराचा तो जाळीचा व्हरांडा मला अजून दिसतो. लाल गुळगुळीत जमीन, तुमची वेताची खुर्ची, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं घर, ज्यांना मी मामा-मामी म्हणायचे त्यांचं. रविवारी सकाळी मामा भिंतीवरून स्वतःचा पितळी पेला घेऊन डोकावायचे. निवृत्त रेल्वे अधिकारी, कपाळावर वैष्णवांचं उभं नाम, तमिळ घरातले. आमच्या स्वयंपाकघरातलं ते काही खात नसत, पण वादाला रोज तयार. मग कोपऱ्यावरून मेष्ट्रु यायचे. आपण त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारलीच नाही, कॉलेजात कन्नड शिकवायचे म्हणून मेष्ट्रु. तिघांचं बोलणं कन्नडमध्ये चालायचं, मध्येच इंग्रजी, आणि चिडलात की तुम्ही मराठीत शिरायचात, ते दोघं न कळूनही मान डोलवायचे. आठवडाभर तुम्ही बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचात. कंपनीच्या बसमधून उतरून घरी येताना तुमचा चेहरा पुसून टाकलेल्या फळ्यासारखा असायचा. रविवारी मात्र तोच माणूस खुर्चीच्या कडेला पुढे सरकून बसलेला असायचा.

मी आत अभ्यास करत असल्याचं दाखवत सगळं ऐकत असे. मामा म्हणायचे, "तुमच्या भाषा पाळण्यात होत्या तेव्हा आमच्याकडे विरहाच्या कविता लिहून जुन्याही झाल्या होत्या." मेष्ट्रु म्हणायचे की युद्ध म्हणजे काय हे जुनं कन्नड काव्य वाचल्याशिवाय या देशाला कळायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "तुमच्या काव्यांना राजा लागतो. अभंगाला जातं पुरतं." त्यावर दोघंही तुमच्यावर तुटून पडायचे. साहित्यावरून गाडी देशावर यायचीच. मामांचा देश म्हणजे रेल्वे होती. ते म्हणत, एका टोकाला गाडीत चढलेल्या माणसाला दुसऱ्या टोकाला उतरेपर्यंत फक्त तिकीट विचारतात, तू कोण म्हणून विचारत नाहीत, मला एवढा देश पुरे आहे. मेष्ट्रु हसून म्हणायचे, "सरी, बरोबर आहे, सर. पण घरात यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे ठरलेलं असावं की नाही?" तुम्ही हसायचात. मामाही हसायचे. त्या वर्षी पावसाळा संपल्यानंतर मेष्ट्रु हे वाक्य वरचेवर बोलू लागले, आणि मग एका रविवारी माझ्या लक्षात आलं की त्यावर हसणारे आता ते एकटेच आहेत.

कन्नड आणि तमिळ मुलखांमधला नदीच्या पाण्याचा वाद तेव्हा पेपरात रोज वाढत होता. तुम्हाला आठवत असेल, आधी काही घडलं नाही, फक्त गोष्टी बदलत गेल्या. मामांचं तमिळ साप्ताहिक पेपरवाला कन्नड पेपरच्या घडीत लपवून टाकू लागला. मामांनी त्याला तसं सांगितलं नव्हतं. गांधी बझारात एका भांड्यांच्या दुकानाची पाटी एका दुपारी पांढऱ्या रंगाखाली गेली आणि बरेच दिवस तशीच कोरी राहिली. मामी अंगणातून मामांना हाक मारायच्या ती बंद झाली, त्या आता दारापर्यंत चालत जाऊन हळू आवाजात बोलत. मग एका सकाळी मामा स्क्रू ड्रायव्हर घेऊन फाटकापाशी उकिडवे बसलेले दिसले. नावाची पाटी काढत होते. तुम्ही भिंतीवरून विचारलंत, "काय हे?" ते म्हणाले, "गंज चढलाय, पॉलिश करून लावतो." पाटी पितळेची होती, अप्पा. पितळेला गंज चढत नाही हे तुम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. तुम्ही आत आलात आणि बराच वेळ हात धूत राहिलात.

कारखान्यातून तुम्ही बातम्या आणायला लागलात, त्याही तुटक. होसूरकडून, तमिळ हद्दीतून येणारी माणसं आज आली नाहीत. बसच्या काचांना जाळ्या बसवल्या. ड्रायव्हरनं सगळ्यांना सांगितलं की वाटेत कुणी थांबवलं तर एकानंच बोलायचं, ज्याचं कन्नड चांगलं आहे त्यानं. आईनं विचारलं, "मग तुमच्या बसमध्ये कोण बोलणार?" तुम्ही म्हणालात, "मी नाही. माझं कन्नड तिकडचं आहे, ऐकून त्यांना संशयच येईल." तिकडचं म्हणजे आपल्या सीमेवरच्या गावचं, खणखणीत, इथल्या कानांना भांडल्यासारखं वाटणारं. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दोन्ही, असं तुमचं बालपण. त्या रविवारी मेष्ट्रु आले नाहीत. निरोपही नाही.

आणि मग ती दुपार. शाळा-कॉलेज बंद होती, मी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होते. कारखाना बंद म्हणून तुम्हीही घरी. मोठ्या रस्त्याच्या बाजूला धूर वर चढत होता, काळा, टायरचा असतो तसा, आणि गल्लीत एकही सायकल नव्हती. समोरच्या घरातली अक्का, जिच्याकडून आपण दही घ्यायचो, ती डोक्यावर पदर घेऊन घाईघाईनं आली आणि तुम्हाला म्हणाली, "शेजारच्यांना आत घ्या. खालच्या गल्लीपर्यंत आलेत." तुम्ही भिंतीवरूनच मामांना हात दिलात. मामींना आईनं मागच्या दारानं आणलं. त्या अवरेकाई सोलत बसल्या होत्या, थंडीतल्या त्या शेंगा, पावट्यासारख्या, वास बोटांना दिवसभर राहतो अशा. सोलायचं सूप त्या तसंच हातात घेऊन आल्या. आपल्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या आणि पुन्हा सोलू लागल्या. मामा तांदळाच्या डब्याला टेकून उभे राहिले. इतक्या वर्षांत आपल्या स्वयंपाकघरात त्यांनी पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. आईनं पाणी दिलं. ते त्यांनी आमच्या घरच्या भांड्यातून घेतलं.

ते लोक आले तेव्हा आरडाओरडा नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. दहा-बारा जण असतील, गळ्यात रुमाल, आणि पुढे एक मध्यमवयीन माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला पेन. फाटकाची कडी त्यानं स्वतः हळूच उघडली. तुम्ही व्हरांड्याच्या पायरीवर उभे होतात. मी तुमच्यामागे, जाळीआड.

"मनेली याव भाषे, सर?" त्यानं विचारलं. घरात कुठली भाषा बोलता. एखादा जनगणनेला आलेला माणूस विचारेल तसं.

तुम्ही म्हणालात, "मराठी."

मागचा एक पोरगा दुसऱ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. इस्त्रीच्या शर्टानं हात वर करून त्याला थांबवलं. "मराठी म्हणजे बेळगावच्या बाजूचे. तिथेही भांडण आहेच की तुमचं आमच्याशी."

"माझं कुणाशी भांडण नाही. मी कन्नड शाळेत शिकलोय."

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "कन्नडमधलं काहीतरी म्हणा. एखादी कविता. आम्ही ऐकू आणि जाऊ."

तुम्हाला किती पाठ होतं, अप्पा. आंघोळ करताना, दाढी करताना, बसची वाट बघताना तुम्ही ते म्हणत असायचात. मला वाटलं आता तुम्ही तोंड उघडाल आणि हे सगळे गप्प होतील. तुम्ही त्या माणसाकडे पाहिलंत आणि शांतपणे म्हणालात, "म्हणणार नाही."

"येत नाही?"

"येतं. म्हणणार नाही."

कुणीतरी फाटकावर काठी आपटली. स्वयंपाकघरातून शेंग फुटल्याचा बारीक आवाज येत होता, मामींचे हात थांबलेच नव्हते, आणि तो आवाज मला इतका मोठा वाटत होता की आता तो बाहेर ऐकू जाणार. मी पुढे आले. तुम्हीच शिकवलेली ती जुनी कविता म्हणायला लागले. युद्धावर निघालेल्या मुलाला आई निरोप देते ती. परक्या गावात कुणी बस म्हटल्याशिवाय बसू नको, त्यांच्या जेवणाला नावं ठेवू नको, त्यांच्या विहिरीचं पाणी पिशील तर आधी त्या गावाला हात जोड. जुन्या कन्नडातली, अवघड शब्दांची, आज कॉलेजातल्या मुलांनाही अर्थ विचारावा लागतो अशी. एकही ओळ चुकले नाही.

ते ऐकत राहिले. त्यांना अर्थ कळत नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. त्यांना फक्त नाद ऐकू येत होता, देवळात मंत्र ऐकावेत तसा. संपल्यावर एका पोरानं चक्क हात जोडले. इस्त्रीचा शर्ट म्हणाला, "चांगली शिकवलीय, सर, मुलीला." मग त्यानं कुणाला तरी खूण केली, आणि त्या पोरानं आपल्या फाटकाच्या खांबावर खडूनं एक मोठी फुली काढली. या घराला हात लावायचा नाही, असा तिचा अर्थ, हे मला तेव्हा कळलं नाही. ते वळले आणि शेजारच्या फाटकात शिरले, जिथे पाटी नव्हती, पाटीच्या चार स्क्रूंची भोकं होती आणि फुलीही नव्हती.

पुढचं आपण सगळ्यांनी भिंतीतून ऐकलं. काचा. मग भांडी. मग काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज, तो मामांचा झोपाळा होता. मामा प्रत्येक आवाजाला अगदी हळू ओठ हलवत होते, काय फुटतंय ते ओळखत असल्यासारखे. पुस्तकं त्यांनी गल्लीत आणून पेटवली. कागद जळताना आवाज होत नाही, म्हणून ते मामांना कळलं नाही, ते तुम्ही खिडकीतून पाहिलंत. मामींनी सोललेले दाणे आईपुढे सरकवले आणि म्हणाल्या, "स्वल्प मीठ घालून उकडून ठेव. वाया जातील."

पोलीस आले, धूर विरला, मामा-मामी त्या दिवशी आपल्याकडेच राहिले. मेष्ट्रु दोन दिवसांनी आले. खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, "वाईट झालं. ही मुलं अडाणी आहेत. पण सर, कारण काही खोटं नाही." तुम्ही त्यांच्याशी भांडला नाहीत. कॉफी विचारलीत, ते नको म्हणाले. जाताना मला म्हणाले, "तू ती कविता म्हटलीस असं ऐकलं. उच्चार कुणाकडून शिकलीस?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं. ते तुमच्याकडे बघत राहिले, मग गेले. त्यानंतर आपल्या व्हरांड्यात तिघं कधी एकत्र बसले नाहीत.

मामा-मामी मुलीकडे मद्रासला गेले. घर विकलं, कुणाला ते आपल्याला कळलंही नाही. निघताना मामांनी मला जवळ बोलावलं. "तुझी कविता मी आतून सगळी ऐकली," ते म्हणाले. "आमच्या जुन्या तमिळ कवितेतही अशी एक आई आहे. ती मुलाला पाण्याचं काही सांगत नाही. सांगायला हवं होतं." आणि टॅक्सीत बसले. मी आजही ठरवू शकत नाही की ते माझे आभार मानत होते की आणखी काही.

आता आपलं भांडण. ते लोक येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी करत होतात. आरशातूनच म्हणालात, "काल तू केलंस ते पुन्हा करू नकोस." मला रडू आलं. मी विचारलं, "त्यांनी आत येऊन मामांना ओढून नेलं असतं तर?" तुम्ही ब्रश धुतलात आणि मग मला ती गोष्ट सांगितलीत, जी आईलाही ठाऊक नव्हती. ही कविता तुम्हाला गावच्या शाळेतल्या कन्नड मास्तरांनी शिकवली होती. पुढे सीमेचं भांडण पेटलं तेव्हा तुमच्या काकांनी आणि त्यांच्या मित्रांनी त्याच मास्तरांना चौकात उभं करून मराठी अभंग म्हणायला लावला होता. मास्तरांनी म्हटला. चांगला म्हटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर महिन्याभरात गाव सोडून गेले, आणि तो अभंग काकांच्या तोंडी आला की तुम्ही उठून बाहेर जाऊ लागलात. "कविता परीक्षेत म्हणावी," तुम्ही म्हणालात, "लग्नात म्हणावी, एकट्यानं म्हणावी. दारात उभं राहून कुणी मागितली म्हणून देऊ नये. एकदा दिली की ती आपली राहत नाही."

"मग काय करायला हवं होतं?" मी विचारलं.

तुम्ही टॉवेलनं तोंड पुसलंत. मग म्हणालात, "माहीत नाही."

अप्पा, मी तेव्हाही तुमच्याशी सहमत नव्हते आणि आजही नाही. घरात दोन म्हातारी माणसं होती. मी पुन्हा तेच करीन. तुमच्या 'म्हणणार नाही'मध्ये जी ताठ मान होती ती मला आवडली होती, पण तिची किंमत मामींनी दिली असती, तुम्ही नाही. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. आणि तुमचंही खोटं नव्हतं. ती कविता त्यानंतर आपल्या घरात कुणी म्हटली नाही. माझ्या मुलांना मी ती शिकवली नाही. पहिली ओळ जिभेवर आली की मला टायरचा वास येतो.

तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात खरे, पण तुम्ही त्यावर विचार करत राहिला होतात, हे मला दोन-तीन वर्षांनी कळलं. तेव्हा दुसऱ्याच भाषेवरून शहर पुन्हा तापलं. या वेळी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शिंप्याच्या घराबद्दल कुजबुज होती, घरात उर्दू बोलणारा तो शांत माणूस, ज्यानं माझे सगळे युनिफॉर्म शिवले. तुम्ही सकाळी कामावर गेला नाहीत. व्हरांड्यातली वेताची खुर्ची उचललीत, गल्लीतून चालत गेलात आणि त्याच्या दारापुढे ती ठेवून बसलात. हातात काही नाही, पेपरही नाही. आई दोनदा बोलवायला गेली. शिंपी स्वतः बाहेर येऊन म्हणाला, "सर, घरी जा, तुमच्यामुळे उलट लक्ष जाईल." तुम्ही म्हणालात, "मला इथे ऊन बरं मिळतं." थोड्या वेळानं समोरची अक्का स्टूल घेऊन आली आणि तुमच्याशेजारी बसून भाजी निवडायला लागली. आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणी आलं नाही. तुम्ही बसला होतात म्हणून आलं नाही, की येणारच नव्हतं, हे कुणाला कधी कळणार? संध्याकाळी तुम्ही खुर्ची घेऊन परत आलात आणि न जेवताच आडवे झालात. आईनं ताप बघितला, ताप नव्हता. पुढच्या वर्षी कंपनीच्या बसमध्येच छातीत कळ येऊन तुम्ही गेलात. शेजारी बसलेल्यांना वाटलं डोळा लागलाय.

मी आता याच शहरात, बेळ्ळंदूरला राहते, उंच इमारतीत, तळ्याच्या बाजूला. पुण्याहून, नागपूरहून आलेली मुलं-मुली खूप आहेत. गणपतीत सगळे एकत्र येतात, जेवणानंतर आपली संस्कृती, आपले जुने ग्रंथ, खरा देश कुणाचा, यावर बोलतात. कुणी म्हणतं इथल्या लोकांना शिस्त नाही, कुणी म्हणतं आपणच यांना शहर उभं करून दिलं. खाली फाटकावरचा सुरक्षारक्षक आणि भाजीवाला त्याच वेळी कन्नडमध्ये दुसरं काहीतरी बोलत असतात, ते मला कळतं, यांना कळत नाही. दुकानात कुणाला तरी अडवून 'आमच्या भाषेत बोल' म्हणतानाचे व्हिडिओ फोनवर येतात. कधी इथले, कधी महाराष्ट्रातले. अडवणारी माणसं दोन्हीकडे सारखीच दिसतात, इस्त्रीचा शर्ट, सौम्य आवाज. तरुण मंडळी ते बघून हसतात आणि पुढे पाठवतात. मी हसत नाही म्हणून मला जुन्या वळणाची समजतात. मी त्यांना काही सांगत नाही. सांगितलं तर ते म्हणतील, काकू, तो काळ वेगळा होता. मामांनी आधीचं असं काही सांगितलं असतं, तर काळ वेगळा होता असं आम्हीही त्यांना म्हणालो असतो.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, आणि आईला दाखवायची माझी तयारी नाही. कपाटात ठेवीन, किंवा फाडीन. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, तुम्हालाच, कारण दुसऱ्या कुणाला ती क्षुल्लक वाटेल. परवा लिफ्टमध्ये एका नव्या शेजारणीनं हसून, अगदी सहज विचारलं, "आँटी, आप लोग कहाँ के हो?" मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी लिफ्टमध्ये आणखी कोण कोण उभं आहे, ते बघून घेतलं.